प्लेटोचे सनातन आकार असतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लेटोच्या मते सौंदर्य, न्याय, वर्तुळ, घोडा यांचे सनातन आकार, म्हणजे मूळ नमुने, आहेत. ते बदलत नाहीत, नाश पावत नाहीत. नवप्लेटोवादी, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या प्लोटायनसच्या परंपरेतले प्लेटोचे अनुयायी, सांगतात की हे आकार बुद्धितत्त्वात, म्हणजे एका सनातन बुद्धीत, आहेत. मग ते कुणाच्या तरी मनातल्या कल्पनाच झाले ना? कल्पना असतील तर त्यांना सत्य कशाच्या आधारावर म्हणायचे? आपला आत्मा यात कुठे येतो? आणि जाता जाता विचारलेला चौथा प्रश्न: हे बुद्धितत्त्व म्हणजे सांख्यांचे (आपल्या सांख्य दर्शनातले) महत् समजायचे का?

ग्रीक तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. प्लोटायनसपाशी येणारे बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच अडतात. याचे एक कारण पाठ्यपुस्तकांतली आकृती. सर्वांत वर ‘एक’, त्याखाली बुद्धितत्त्व, त्याखाली आत्मा, तळाशी जडद्रव्य. आकृती पाठ होते आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो, कारण ही नावे कोणत्या अडचणीतून निघाली ते आकृतीत कुठेच नसते. म्हणून अडचणीपासून सुरुवात करते.

ती अडचण प्लेटोनेच मागे ठेवली. ‘तिमेयस’ या संवादात विश्वाचा कारागीर एका सनातन नमुन्याकडे पाहतो आणि त्याबरहुकूम जग घडवतो. वाचताना डोळ्यांसमोर येते ते असे, की कारागीर इकडे आणि नमुना तिकडे. पुढे त्याच संवादात एक वाक्य आहे: खऱ्या ‘सजीवा’त (म्हणजे त्या नमुन्यात) जे जे आकार आहेत ते बुद्धी पाहते. पाहते म्हणजे ते तिच्याहून वेगळे आहेत काय? या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. प्लोटायनसच्या शिष्यांपैकी अमेलियसने तर त्यातून तीन निरनिराळी बुद्धितत्त्वे काढली. त्याआधीच्या प्लेटोवादी पाठ्यग्रंथांत ‘आकार म्हणजे ईश्वराचे विचार’ हे सूत्र रूढ झाले होते. अथेन्सला शिकवणारा लाँजायनस मात्र म्हणत असे की आकार बुद्धीच्या बाहेर, स्वतःच्या बळावर उभे आहेत.

पॉर्फिरी हा या लाँजायनसचा विद्यार्थी. इ.स. २६३ मध्ये, वयाच्या तिशीत, तो रोमला प्लोटायनसकडे आला. तिथे पहिल्याच व्याख्यानांत त्याने ऐकले की आकार बुद्धीच्या बाहेर नाहीत. त्याला ते मुळीच पटले नाही, आणि त्याने आकार बाहेरच आहेत असे मांडणारा निबंध लिहून काढला. प्लोटायनसने तो अमेलियसकडून मोठ्याने वाचून घेतला. वाचन संपल्यावर तो हसून अमेलियसला म्हणाला, आपले म्हणणे माहीत नसल्यामुळे हा या अडचणींत सापडला आहे, त्या सोडवण्याचे काम तुझे. अमेलियसने चांगले लांबलचक उत्तर लिहिले. पॉर्फिरीने त्याचे खंडन केले. अमेलियसने त्यालाही उत्तर दिले. तेव्हा कुठे, मोठ्या कष्टाने, पॉर्फिरीला मुद्दा कळला. त्याने आपले मत मागे घेतल्याचा लेख लिहिला आणि तो सर्वांसमोर वाचला. गुरूच्या चरित्रात हे त्याने स्वतःच नोंदवले आहे, आणि आपल्यावर गुरूच्या ग्रंथांची जबाबदारी तेव्हापासून आली असेही तो सांगतो. लाँजायनसने मात्र शिष्याच्या या मतांतराविरुद्ध लिहिले.

हा प्रसंग मी वर्गात आवर्जून सांगते. ज्या माणसाने प्लोटायनसचे ५४ निबंध नऊ-नऊंच्या सहा गटांत लावले, ज्याच्यामुळे ‘एनिअड्स’ आज आपल्या हातात आहेत, त्यालाही हे एक वाक्य समजायला इतकी लेखी झटापट करावी लागली. तुम्ही अडलात यात काही नवल नाही.

आता युक्तिवाद. तो पाचव्या एनिअडच्या पाचव्या निबंधात सुरुवातीलाच येतो. आकार बुद्धीच्या बाहेर आहेत असे क्षणभर धरून चाला. मग बुद्धीला ते कळतात कसे? त्यांचा काहीतरी ठसा तिच्यावर उमटत असला पाहिजे, जसा पाहिलेल्या वस्तूचा आपल्या मनावर उमटतो. म्हणजे बुद्धीजवळ असतो तो ठसा. मूळ वस्तू नाही. ठसा मुळाशी जुळतो की नाही हे ती कशावरून ठरवणार? ताडून पाहायला मूळ वस्तू हाती हवी, आणि पुन्हा गाठायला गेले तर पुन्हा ठसाच मिळणार. संशयवाद्यांनी मानवी ज्ञानावर घेतलेला आक्षेप नेमका हाच होता. प्लोटायनस तो आक्षेप जसाच्या तसा उचलतो आणि म्हणतो: इंद्रियांच्या बाबतीत हे खरे आहे. डोळ्याला दिसते ती वस्तूची प्रतिमा. पण सगळेच ज्ञान असे असेल तर सत्य कुठेच उरत नाही. निदान एक ठिकाण असे असलेच पाहिजे, जिथे जाणणारा आणि जाणलेले यांच्यामध्ये ठशाची फट नाही. त्या ठिकाणाचे नाव बुद्धितत्त्व.

दुसरी बाजूही तो तपासतो. आकार बुद्धीपासून तोडले तर ते स्वतः काय उरतात? त्यांना जीव नाही, जाण नाही. मग ती नुसती विधाने आहेत का? की एखाद्या मूर्तिकाराने मांडून ठेवलेल्या सोन्याच्या मूर्ती? सौंदर्य आणि न्याय यांना ज्याने सर्वांत खरे अस्तित्व मानले त्या प्लेटोच्या हातून ही निर्जीव कोठी बाहेर पडली असेल, हे प्लोटायनसला कदापि मान्य नाही.

इथे त्याने ॲरिस्टॉटलकडून मोकळेपणाने घेतले. ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथात ॲरिस्टॉटल म्हणतो की ज्या गोष्टींत द्रव्य नाही त्यांत विचार करणारा आणि ज्याचा विचार होतो ते एकच असतात. त्याच्या तत्त्वमीमांसेतला ईश्वर म्हणजे स्वतःचाच विचार करणारा विचार. पण हा विचार कशाचा, त्यात आहे काय, या प्रश्नावर ॲरिस्टॉटलचे उत्तर फार त्रोटक आहे. प्लोटायनस त्या रिकाम्या जागी प्लेटोचे सगळे आकार आणून बसवतो. ॲरिस्टॉटलच्या ईश्वराला प्लेटोची समृद्धी मिळते, आणि प्लेटोच्या आकारांना जीव. मला विचाराल तर तिसऱ्या शतकातली ही सर्वांत धाडसी जुळणी आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हे नुसते विचार झाले ना? नाही, आणि याचे कारण प्लोटायनस स्वच्छ सांगतो (५.९.७, म्हणजे पाचव्या एनिअडचा नववा निबंध, सातवे प्रकरण). बुद्धीने गतीचा विचार केला म्हणून गती झाली, ईश्वराचा विचार केला म्हणून ईश्वर झाला, असे म्हणणे चूक आहे. आधी एक रिकामे मन आणि त्याला मग सुचलेल्या गोष्टी, हा क्रम आपल्या मनाचा आहे. बुद्धितत्त्वात तो नाही. तिथे असणे आणि जाणणे ही एकाच जीवनाची दोन नावे आहेत. न्यायाचा आकार म्हणजे कुणाला तरी सुचलेली न्यायाची कल्पना नव्हे. तो स्वतःच जाणता आहे. प्रत्येक आकार म्हणजे एक बुद्धी, आणि सगळे मिळून एक बुद्धितत्त्व. प्लेटोच्या आधीच्या पार्मेनिडीस या तत्त्वज्ञाचे ‘विचार करणे आणि असणे एकच’ हे वचन प्लोटायनस पुन्हा पुन्हा आठवतो ते याचसाठी. पुढे ऑगस्टीनने आकार ख्रिस्ती ईश्वराच्या मनात ठेवले आणि युरोपात तेच रूढ झाले, त्यामुळे ‘ईश्वराच्या कल्पना’ हा अर्थ आपल्याला चटकन सुचतो. प्लोटायनस वाचताना तो बाजूला ठेवावा लागतो.

‘सगळे मिळून एक’ यातले ‘मिळून’ कसे घ्यायचे हेही पाहू. पिशवीत गोट्या असाव्यात तसे आकार बुद्धितत्त्वात नाहीत. तो शास्त्राचा दृष्टान्त देतो. भूमितीतले एक प्रमेय घ्या. ते वेगळे आहे, त्याचे स्वतःचे विधान आहे, सिद्धता आहे. पण ज्याला भूमिती येते त्याच्यासाठी त्या एका प्रमेयात सगळी भूमिती गर्भित असते. मागची प्रमेये त्यात आलेली असतात, पुढची त्यातून निघतात. उरलेल्या भूमितीपासून तोडलेले प्रमेय हे ज्ञान नव्हे, तो पोरकट बोल आहे, असे तो म्हणतो. आकारांचे तसेच. प्रत्येक आकार स्वतः आहेच, शिवाय आपल्या परीने सर्व आकारही आहे. पाचव्या एनिअडच्या आठव्या निबंधात याचे वर्णन आहे: तिथे सर्व काही पारदर्शक आहे, अंधारलेले किंवा अडवणारे काही नाही, तिथला सूर्य म्हणजे सर्व तारे, आणि प्रत्येक तारा म्हणजे सूर्य आणि बाकीचे सर्व तारे. हा उतारा काव्य म्हणून वाचून पुढे जाऊ नका. प्रमेयाचा दृष्टान्त शेजारी ठेवला की त्यातले तर्कशास्त्र दिसते.

या विचाराची खरी कसोटी शिंगांपाशी लागते, आणि ही जागा मला स्वतःला फार आवडते. ‘तिमेयस’मध्ये देवांनी माणसाला डोळे दिले, पुढचा धोका दिसावा म्हणून, असे वाटावे अशी भाषा आहे. सहाव्या एनिअडचा सातवा निबंध यावरच सुरू होतो. प्लोटायनस विचारतो, देवाने आधी बेत केला का? ‘हा प्राणी खाली जाईल, तिथे वाघ असतील, तेव्हा याला शिंगे देऊ’? बेत करणारा म्हणजे ज्याला अजून काही ठरवायचे आहे असा. सनातन तत्त्वाला काही ठरवायचे उरलेले नसते. मग शिंगे, नखे, सुळे यांचे आकार त्या परिपूर्ण लोकात कशाला? तिथे कुणाशी झुंजायचे आहे? त्याचे उत्तर असे: बुद्धितत्त्वातून जीवन जसजसे विस्तारते तसतसा त्यातला प्रत्येक आकार कमी-अधिक तेजस्वी असतो, आणि जिथे एक गोष्ट उणी पडते तिथे त्या प्राण्याचे पूर्णत्व दुसऱ्या गोष्टीने साधलेले असते. शिंगे ही शत्रूसाठी नव्हेत, बैलाचे बैलपण पुरे व्हावे म्हणून आहेत. घोड्याचा आकार निर्बुद्ध नाही. घोडा म्हणून जाणणे ही बुद्धीचीच एक रीत आहे. त्या लोकात वनस्पती आहेत, पृथ्वीसुद्धा आहे, आणि सर्व काही जिवंत आहे. जीवनाने जणू उसळते आहे, हा त्याचाच शब्दप्रयोग. तिथे ‘आहे’ आणि ‘का आहे’ यांत अंतर नसते. खाली आपण आधी वस्तू पाहतो, मग कारण शोधतो. वर वस्तू आणि तिचे कारण एकत्रच असतात.

‘एक’ या परमतत्त्वाबद्दल इथे थोडक्यातच सांगते, कारण तुमचा प्रश्न त्याविषयी नाही. बुद्धितत्त्व इतके परिपूर्ण आहे तर तेच शेवटचे का नाही? कारण स्वतःला जाणण्यातही जाणणारा आणि जाणलेले अशी दुई आहे, आणि आकार तर अनेक आहेत. अनेकाच्या आधी एक हवा. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये शिवतत्त्वाला (परम शुभाला) ‘सत्तेच्याही पलीकडे’ म्हटले होते. प्लोटायनस त्या शब्दांना पूर्ण वजन देतो. या एकातून बुद्धितत्त्व कसे झाले याचे वर्णन ‘ओसंडणे’ या शब्दात येते, पण दुसरे पाऊल बहुतेकांच्या नजरेतून निसटते: जे ओसंडले ते मागे वळले, उगमाकडे पाहू लागले, आणि त्या पाहण्यानेच भरून जाऊन बुद्धितत्त्व झाले. त्या ‘एक’ला एकरूपातच पेलणे बुद्धितत्त्वाला जमले नाही, म्हणून त्याने ते अनेक आकारांच्या रूपात पेलले. आकार अनेक का आहेत याचे उत्तर या वळून पाहण्यात आहे.

आता आत्मा. मूळ प्रश्नात याला तिसरी जागा मिळाली असली तरी आपण ज्या टोकाने या विश्वाला धरून आहोत ते टोक हेच.

बुद्धितत्त्वात सर्व काही एकदम आहे. आत्मा तेच सर्व एकामागून एक उलगडतो. यमन एखाद्या मुरलेल्या गायकाला जसा ठाऊक असतो तसा विचार करा: सुरुवातीचा षड्ज लावण्याआधीच संपूर्ण यमन त्याच्याजवळ आहे, त्यात आधी-नंतर नाही, गाऊ लागला की तोच यमन आलाप, बंदिश, ताना असा तासभर उलगडत जातो. ऐकणाऱ्याला एका वेळी एकच स्वर मिळतो, तरी त्या स्वरात अख्खा राग असतो म्हणूनच तो यमनाचा गंधार असतो. आत्म्याचे जीवन या गाण्यासारखे आहे. तो बुद्धितत्त्वाचेच सांगतो, पण क्रमाने सांगतो.

आणि काळ म्हणजे हा क्रमच. तिसऱ्या एनिअडचा सातवा निबंध अनंतकाल आणि काळ यांवर आहे, आणि माझ्या मते प्राचीन ग्रीक भाषेत काळाविषयी इतके खोल क्वचितच लिहिले गेले. ॲरिस्टॉटलची व्याख्या होती, काळ म्हणजे गतीचे माप. प्लोटायनस म्हणतो, माप कशाचे ते तर सांगा. मोजपट्टी दाखवून मोजलेली वस्तू समजत नाही. प्लेटोने काळाला सनातनाची फिरती प्रतिमा म्हटले होते. त्याचा अर्थ प्लोटायनस असा लावतो: बुद्धितत्त्वाचे जीवन सगळे एकत्र, भरलेले, कुठेही न ताणलेले, तेच सनातनत्व. आत्म्यात एक अस्वस्थ शक्ती होती. तिला जे हाती आहे त्याहून अधिक हवे होते, स्वतःचे स्वतः चालवायचे होते. ती हलली, आणि तिच्याबरोबर काळ हलला. शांत बीज उलगडून विस्तारात जाते आणि त्या विस्तारात त्याचे बळ विखुरते, असा दृष्टान्त तो देतो. त्यामुळे काळ आत्म्याच्या बाहेर वाहणारी नदी नाही. आत्मा एका अवस्थेतून दुसरीत जातो ते जाणे म्हणजेच काळ. ही सगळी कथा मात्र काळात घडलेली नाही, हे तो वाचकाला बजावतो. ‘होती’, ‘हलली’ हे शब्द समजावण्यासाठी आहेत.

आत्मा आकार कसे उलगडतो याचे सर्वांत नेमके उदाहरण प्लोटायनसमध्ये नाही, ते दोन शतकांनी प्रॉक्लसमध्ये सापडते. प्रॉक्लस (४१२ ते ४८५) अथेन्सच्या अकादमीचा प्रमुख. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकावर त्याने भाष्य लिहिले आहे. त्यात तो विचारतो, भूमितिज्ञ ज्या वर्तुळाविषयी बोलतो ते वर्तुळ कुठले? वाळूत काढलेले नव्हे. त्याची रेषा जाड आहे, ते वाकडेतिकडे आहे. बुद्धितत्त्वातलेही नव्हे, तिथले वर्तुळ अविभाज्य आहे, त्याला केंद्र आणि परीघ असे वेगळे भाग नाहीत, आणि दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात असे तर तिथे म्हणताच येणार नाही, कारण वर्तुळाचा आकार एकच आहे. भूमितीला मात्र लहान-मोठी, छेदणारी, स्पर्श करणारी वर्तुळे लागतात. ती येतात कुठून? आत्म्याजवळ वर्तुळाचे विचारसूत्र असते. आत्मा ते आपल्या कल्पनाशक्तीवर प्रक्षेपित करतो, आणि जे एकवट होते ते तिथे पसरून दिसते. भूमितिज्ञ त्या पसरलेल्या चित्रावर काम करतो, पण सिद्ध जे होते ते सूत्राविषयी. आत्म्याला स्वतःजवळचे पाहायला असे बाहेर मांडून पाहावे लागते. सिद्धता पुरी झाली की मांडलेले पुन्हा आवरता येते. तुम्ही शाळेत कंपास घेऊन जे करत होतात त्यात आत्मा, कल्पना आणि आकार हे तिन्ही थर एकदम हजर होते, असे प्रॉक्लस म्हणेल.

आता वादाचा मुद्दा, आणि नवप्लेटोवाद आतून दुभंगला तो इथेच. आपला आत्मा खाली आला तो पूर्ण आला का? प्लोटायनस म्हणतो, नाही. इतरांच्या मताविरुद्ध बोलायचे धाडस करून सांगतो, असे म्हणून तो लिहितो (४.८.८): आपल्या आत्म्याचा काही भाग सदैव बुद्धितत्त्वातच असतो. आकार आपल्याला परके नाहीत. आपल्यातला एक अंश या क्षणीही त्यांच्यात जगतो आहे. मग आपल्याला ते कळत का नाही? त्यावर तो एक साधे निरीक्षण मांडतो. वाचणाऱ्याला आपण वाचतो आहोत याची जाणीव असेलच असे नाही, आणि वाचनात जितका रंगेल तितकी ती कमीच असते. शौर्य गाजवणारा त्या क्षणी ‘मी शौर्य गाजवतो आहे’ असे मनात म्हणत नसतो. जाणीव म्हणजे आरशातले प्रतिबिंब. आरसा शांत आणि धड असेल तर प्रतिबिंब पडते. फुटला तर पडत नाही, पण त्यामुळे समोरची वस्तू नाहीशी होत नाही. अबोध मनाबद्दल आपण आज जे बोलतो त्याची दिशा बहुधा खालची असते. प्लोटायनसला माणसात वरच्या दिशेचा अबोध सापडला. हे मला त्याचे फार मोठे देणे वाटते.

प्लोटायनसनंतरचा नवप्लेटोवादी आयाम्ब्लिकस याला हे पटले नाही. त्याचा आक्षेप सरळ आहे आणि मला तो बिनतोड वाटतो: आपल्यातला सर्वोत्तम अंश जर सदैव परिपूर्ण, सुखी असेल, तर आपण सगळेच आत्ता सुखी असायला हवे, मग हे दुःख कुणाचे? प्रॉक्लसने आपल्या ‘ईशविद्येची मूलतत्त्वे’ या ग्रंथातल्या २११ विधानांपैकी अगदी शेवटचे विधान याच मताला दिले: जीवात्मा जेव्हा उत्पत्तीच्या जगात उतरतो तेव्हा तो पूर्णच उतरतो. फरक पुस्तकी नाही, त्यातून साधना बदलते. आत्म्याचा अंश वरच असेल तर आत वळणे पुरे. मूर्तिकार जसा दगड तासतो तसे स्वतःला तासत राहा, असे प्लोटायनस सांगतो. आत्मा पूर्ण उतरला असेल तर तो आपल्या बळावर वर चढू शकत नाही, त्याला देवांचा हात लागतो. म्हणून आयाम्ब्लिकसच्या परंपरेत विधी, मंत्र, पवित्र चिन्हे यांना तत्त्वज्ञानाइतकेच स्थान आले. प्लोटायनस आपला तत्त्वज्ञ आणि ते अंधश्रद्ध, अशी वाटणी जुनी पुस्तके करतात. ती अन्यायाची आहे. त्यांनी विधी स्वीकारले ते एका प्रामाणिक युक्तिवादाच्या शेवटी.

प्रॉक्लसने आणखी एक बदल केला. त्याने सत्ता, जीवन आणि बुद्धी हे तीन थर वेगळे केले आणि सत्तेला वर ठेवले. कारण असे की दगडाला अस्तित्व आहे पण जीवन नाही, वनस्पतीला जीवन आहे पण बुद्धी नाही. ज्या कारणाचा प्रभाव अधिक खालपर्यंत पोचतो ते कारण वरचे. यामुळे प्लोटायनसचे ‘असणे आणि जाणणे एकच’ हे समीकरण थोडे सैल होते. हिशेब प्रॉक्लसचा चोख बसतो हे खरे, पण त्यात प्लोटायनसच्या बुद्धितत्त्वाची ती उसळती एकता विरळ होते. मी स्वतः या बाबतीत प्लोटायनसच्या बाजूची आहे.

राहिला सांख्यांचा प्रश्न. महत् किंवा बुद्धी हे सांख्यांमध्ये प्रकृतीचा पहिला परिणाम, आणि प्रकृती जड. चैतन्य पुरुषाचे, बुद्धीत त्याची छाया. प्लोटायनसचे बुद्धितत्त्व स्वतःच चैतन्य आहे आणि जडद्रव्याचा त्याला स्पर्श नाही. उत्पत्तीच्या क्रमात दोन्ही वरच्या जागी येतात, साम्य तेवढेच. निर्गुण ब्रह्माशी ‘एक’ची तुलना अधिक जवळची आहे, दोन्हींबद्दल ‘हे नव्हे’ असेच बोलावे लागते. पण दृश्य जगाची निंदा करणाऱ्यांविरुद्ध प्लोटायनसने एक अख्खा निबंध लिहिला आहे. त्याच्यासाठी जग ही आकारांची खरी, सुंदर प्रतिमा आहे. तो भारतीयांकडून शिकला का, हा प्रश्न नेहमी येतो. इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान जाणून घ्यावे या इच्छेने तो सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या पूर्वेकडच्या मोहिमेबरोबर निघाला होता. इ.स. २४४ मध्ये सम्राट मेसोपोटेमियात मारला गेला, प्लोटायनस जेमतेम निसटून अँटिऑकला पोचला आणि तिथून रोमला गेला. भारतापर्यंत तो आलाच नाही. १९२० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक एमील ब्रेइए यांनी भारतीय प्रभावाची बाजू मांडली, १९३६ मध्ये ए. एच. आर्मस्ट्राँग यांनी ती खोडून काढली. आकार आणि बुद्धी यांच्या ऐक्याचा मार्ग प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि संशयवादी यांच्यातूनच पूर्ण दिसतो, तो वर दाखवला. त्यासाठी पूर्वेकडे जाण्याची गरज पडत नाही.

वाचायला घेणार असाल तर पॉर्फिरीने लावलेल्या क्रमाने जाऊ नका. त्याने विषयवार गट केले आणि एक मोठे सलग लेखन तोडून चार ठिकाणी टाकले, ३.८, ५.८, ५.५ आणि २.९ हे मुळात एकच आहे आणि याच क्रमाने वाचायचे आहे. त्याआधी १.६, सौंदर्यावरचा, प्लोटायनसचा पहिलाच निबंध, मग ५.९ आणि ५.१. काळावरचा ३.७ त्यानंतर. शिंगांचा ६.७ सर्वांत शेवटी ठेवा, तो कठीण आहे. आर्मस्ट्राँग यांचे सात खंडांतले इंग्रजी भाषांतर समोरच्या पानावर मूळ ग्रीकसह मिळते. शेजारी ‘तिमेयस’ उघडा असू द्या, कारण प्लोटायनस नाव न घेता त्यातली वाक्ये उचलतो आणि ती ओळखता आली नाहीत तर तो कुणाला उत्तर देतो आहे तेच कळत नाही.